प्रधानचा कॉम्प्युटर थंड करताना

कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरी केली की किस्से शोधायला जावं लागत नाही. टेबलाखालच्या वायरींसारखे ते आपोआप वाढत जातात. शारजात सामंतशेठच्या दुकानात मी होतो, तेव्हाचे निम्मे किस्से तर एकट्या प्रधानचे.

प्रधान माझा रूममेट, काँट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन. नवीन लग्न, बायको पुण्याला. त्याच्या लेबनीज मॅनेजरने सांगून ठेवलेलं, "हबीबी, क्लायंटला व्हिलाची थ्री-डी फिल्म आवडली तर प्रमोशन. प्रमोशन झालं की फॅमिली व्हिसा." ऑफिसचं मशीन जुनाट. म्हणून गडी घरचा कॉम्प्युटर अपग्रेड करायला निघाला.

*

"शेठ, प्रोसेसर सगळ्यात फास्ट द्या."

"आणि मेमरी?"

"जुनीच राहू दे."

शेठनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, मेमरी म्हणजे ओटा. आचारी कितीही चपळ आणा, ओटा एवढुसा असेल तर तो करणार काय, कपाळ?"

प्रधानने मेमरी घेतली. पंखा मात्र नाही घेतला. "प्रोसेसरवर जुनाच बसवा. घरात एसी आहे की!"

आमचा मल्याळी असेंबलर शाजी यावर छताकडे बघायला लागला. शाजी छताकडे बघायला लागला की मला भीती वाटायची.

*

शाजी प्रत्येक गिऱ्हाइकाला ओरडून सांगायचा, "पहले लोहे को हाथ लगाओ!" म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाते आणि चिप मरत नाही. कोणी ऐकेल तर शपथ!

प्रधान मात्र मशीनमध्ये हात घालण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून नमस्कार करायचा. दरवेळी.

शाजी खूश. "पूरे शारजा में एक ही पढ़ा-लिखा कस्टमर है!"

*

व्हायचं तेच झालं. मशीन तापून हँग व्हायला लागलं. प्रधानने मग कॅबिनेटला मागून एक पंखा जोडला. हवा आत जाते की बाहेर, हे बघायला त्याने मूठभर उदबत्त्या पेटवून मागे धरल्या. धूर मागून आत गेला, पुढून बाहेर आला आणि थेट छतावरच्या स्मोक अलार्मकडे निघाला.

अख्खी बिल्डिंग खाली! आमचा पठाण वॉचमन धापा टाकत वर आला. बघतो तर कॉम्प्युटरमधून धूर निघतोय, बाजूला उदबत्त्या, आणि प्रधान माफी मागायला हात जोडून उभा.

वॉचमनने हळूच विचारलं, "मर गया क्या?"

*

ऐन जुलैत, नेमकं प्रेझेंटेशनच्या दिवशी, सकाळीच बिल्डिंगचा एसी खलास. फिल्म अर्धी व्हायची होती आणि मशीन सारखं बंद पडत होतं. "गेला व्हिसा," प्रधान म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला. मला खरंच वाईट वाटलं.

शेठचा मेहुणा दुबईत रास अल खोरला भाजीचा घाऊक व्यापारी. त्याचं कोल्ड स्टोरेज होतं. "उचला मशीन, यल्ला!" मी फोन केल्यावर शेठ म्हणाले.

कोबीच्या खोक्यांवर कॉम्प्युटर मांडला. तो एकदाही हँग झाला नाही. शेजारी अंगाला गोणपाट गुंडाळून प्रधान पहाऱ्याला. संध्याकाळी फिल्म पूर्ण झाली. मशीन उचलणार, तेवढ्यात आमच्याबरोबर आलेला शाजी आडवा आला. "बाहर मत निकालो! गरम हवा लगेगी तो अंदर पानी पानी हो जाएगा." फिल्म फ्लॉपीत मावेना, आणि सीडी रायटर तेव्हा दुकानातसुद्धा नव्हता.

शेवटी प्रधानने मॅनेजरला फोन केला. तो फोनवर किंचाळला, पण क्लायंटला घेऊन आला. पांढऱ्या अरबी झग्यातला क्लायंट, सूटमधला मॅनेजर आणि सभोवार कोबी! क्लायंटने हात चोळत फिल्म शेवटपर्यंत बघितली.

"व्हिला ओके," तो म्हणाला. "पण घरात एसी अस्साच पाहिजे."

मॅनेजरने प्रधानला मिठी मारली. "मबरूक! फॅमिलीला बोलव!"

प्रधानने शेठचा मोबाइल घेऊन तिथूनच पुण्याला लावला. दातांवर दात आपटत होते.

"अगं ऐक, तुझा व्हिसा होतोय! हो, खरंच! आणि हे बघ, शारजाला येताना माझा स्वेटर घेऊन ये."