मापाच्या वहीतलं इंजिन

शाहूपुरीत रुळांपासून हाकेच्या अंतरावर एका शिंप्याचं दुकान होतं. माप घेताना इंजिनाची शिट्टी आली, की गळ्यातल्या टेपासकट तो बाहेर धावायचा आणि गिऱ्हाईक हात वर करून ताटकळायचं. "शिट्टीवरनंच वळकतो की मी," म्हणत इंजिनाचा नंबर आधीच सांगायचा. कधी चुकला नाही. ताटकळताना मला राग यायचा, पण टिकायचा नाही.

पुढे मिरजेकडून रुंद रूळ आले आणि अरुंद रुळांवरची कोळशाची इंजिनं जाणार असं ठरलं. त्यातलं शेवटचं निघालं तेव्हा तो माझ्याच पँटचं माप घेत होता. धावत बाहेर गेला, परत आला आणि त्याने वहीत काहीतरी लिहिलं. पँट मात्र चपखल बसली.

वर्षाने नवं कापड घेऊन गेलो. त्याने वही उघडली. माझ्या नावापुढे उंची होती, सीट होती आणि कंबरेच्या जागी इंजिनाचा चार आकडी नंबर होता.

"अहो, हे खोडा की आता!"

त्याने वही मिटली आणि टेप माझ्या कंबरेभोवती टाकला.

"तुमची कंबर परत मोजता येतीया, पावणं. त्ये इंजान कुठं गावायचं आता?"