कोरडी केलेली सिलिका

चूक माझी होती. हे आधीच लिहितो, म्हणजे साताऱ्याहून पलूसला मी का निघालो ते कळेल.

कुपवाडच्या एका रबर कारखान्यात मी माल तपासत असे. पांढऱ्या रबराला बळकटी यावी म्हणून त्यात सिलिकाची पूड घालतात. पूड फार ओली असली तर साच्यात त्या पाण्याची वाफ होते आणि मालाला फोड येतात. एका पावसाळ्यात तसे फोड आले. मी धसका घेतला आणि पुढची सगळी पूड भट्टीत घालून ठणठणीत कोरडी करवली. पण सिलिकाला थोडा ओलावा लागतोच. तो गेला की पूड नुसती उडते, रबरात नीट मिसळत नाही. माल चिरला. मालकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, मिलवर (रबर मळायचं दोन रुळांचं यंत्र) काम करणाऱ्या महादेवने घाई केली. त्याची नोकरी गेली. नंतर कुपवाडात त्याला कुणी मिलवर उभं केलं नाही, म्हणून तो पलूसला गेला. मी मात्र साताऱ्यात चांगल्या जागी लागलो.

एसटी निघाली तेव्हा अजिंक्यतारा ढगात बुडालेला होता. कराडनंतर दोन्ही बाजूंना ऊस आणि मळकट उजेड. शेजारी सुट्टीवर आलेला एक जवान होता. पलूसला कोण आहे तुमचं, असं त्याने सहज विचारलं. जुना ओळखीचा, एवढंच मी म्हणालो. पलूसच्या अलीकडे बस बंद पडली, उरलेली वाट चिखलातून चालत गेलो.

महादेव बेदाण्याच्या शेडमध्ये निवडायला बसला होता.

"आवं सायेब, वाट चुकला व्हय?"

त्याने बसायला पोतं टाकलं, चहा मागवला. बिस्कीट मी नको म्हणालो.

"घ्या की. कोरडं हाय. तुमास्नी कोरडंच लागतंय न्हवं?"

मी सगळं सांगितलं. तो बेदाण्यातल्या काड्या वेचत राहिला.

"मला तवाच ठावं हुतं. मला काय सांगताय? कुपवाडात मी अजून घाईचा महादेव हाय. तिथं सांगा."

मालकांना आजच भेटतो, असं मी म्हणालो.

"मालकाला न्हाई. गेटावर सांगा, पाळी सुटल्यावर. समद्यांफुडं."

तूही चल म्हटलं, तर बेदाणा कोण निवडणार, असं म्हणून त्याने मान खाली घातली.

कुपवाडला पोचलो तेव्हा पाळी सुटत होती. गेटातून मोटारसायकली बाहेर येत होत्या. जुन्यांनी मला ओळखलं, गाड्या थांबवल्या. तुम्हा सगळ्यांना एक सांगायचंय, असं मी म्हणालो.

"सायेब, लवकर बोला, दूध घालायचंय डेरीला," कुणीतरी म्हणालं.

"महादेवने घाई केली नव्हती," मी म्हणालो. "सिलिका मी जास्त कोरडी केली, म्हणून माल चिरला. मालकांना मी खोटं सांगितलं. महादेव इथं नाही, पण त्याची माफी मी तुमच्या सगळ्यांसमोर मागतो."