निळ्या पायांचा खेकडा

दाजी गेल्यानंतर वर्षभर ताई सासरच्या गावातून, पोशीरमधून, बाहेर पडलीच नव्हती. शेतावर जायची, परत यायची, बस्स. म्हणून माझ्या मुलीने आम्हा दोघी बहिणींना तारकर्लीला नेलं आणि समुद्रात पाण्याखाली उतरण्यासाठी आमची नावंही परस्पर देऊन टाकली.

"मी नाय उतरायची," ताई होडीतच म्हणाली. "मला पोहता कुठं येतंय?"

"मावशी, पोहायचं नाहीच. तोंडाने श्वास घ्यायचा आणि बघत राहायचं," मुलीने समजावलं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. "तू उतरतेस?"

मी हो म्हटलं. मग तिचा नाइलाज झाला. धाकट्या बहिणीच्या मागे राहणं तिला कधीच जमलं नव्हतं.

पाण्याखाली आम्हाला एकेका पाणबुड्याने पाठीमागून धरलं होतं. आधी मला फक्त माझाच श्वास ऐकू येत होता. मग खडक दिसले, पिवळे-काळे मासे दिसले. ताईने मात्र मुखवट्याच्या काचेमागे डोळे गच्च मिटलेले. तिच्या पाणबुड्याने खांद्यावर थोपटून खाली बोट दाखवलं. वाळूत अर्धा रुतलेला एक खेकडा होता. पाठीवर पांढरी नक्षी आणि पाय तर नीळ सांडल्यासारखे निळे.

ताईने डोळे उघडले. थोडा वेळ ती हललीच नाही. मग माझ्याकडे वळून तिने दोन बोटं कात्रीसारखी उघडली, मिटली. मला हसू फुटलं आणि तोंडात खारं पाणी गेलं.

ती खूण आमच्या माहेरच्या, कडावच्या शेतातली. लावणी उरकली की आम्ही बांधावरची बिळं धुंडाळत मुठे, म्हणजे शेतातले काळपट खेकडे, धरायला जायचो. बोललं की मुठा आत सरकतो, अशी ताईची ठाम समजूत. म्हणून ती नुसती बोटं हलवायची आणि मी डबा पुढे करायची. बिळात हात तीच घालायची. बोटातून रक्त आलं तर चिखल लावून मोकळी व्हायची, आणि चुलीत भाजलेल्या मुठ्याचा मोठा डेंगा, म्हणजे नांगी, मला द्यायची. ती लग्न होऊन गेली त्या वर्षी मी एकटीच बांधावर गेले. बिळं दिसली, पण हात घालायचा धीर झाला नाही. रिकामा डबा घेऊन परत आले.

होडीत चढल्यावर ताई थरथरत होती, पण बोलायची थांबत नव्हती. "बघितलास? केवढा निळा गं!"

"धरायचा होता का?"

"छे गं. बसू दे त्याला." मग म्हणाली, "ह्यांना दाखवायला पायजे होता."

वर्षभर दाजींचा विषय निघाला की ती रडायची. त्या दिवशी रडली नाही. केस पिळत, दाजी पाण्याला कसे भ्यायचे, गावच्या पुलावरूनसुद्धा अगदी मधोमध कसे चालायचे, ते सांगत राहिली.

मे महिन्यात ती एकटी टेंपोत बसून कर्जतला माझ्याकडे राहायला आली. शेजारणींना तिने हात पसरून खेकड्याचा आकार दाखवला. खेकडा चांगलाच वाढला होता. मी मान डोलावत राहिले.