कपाटामागची काळी भिंत

"माहेरी गेल्यावर खोकला कमी होतो का?" सीटी स्कॅन बघता बघता डॉक्टरांनी विचारलं.

माझी मान खाली गेली. हाच टोमणा सासूबाई सहा महिने मारत होत्या. "रेणापूरला गेली की ठणठणीत, नांदेडला आली की आजारी. घरच नको झालंय हिला."

"होतो," मी म्हणाले.

"हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. श्वासातून जाणाऱ्या कशानं तरी फुफ्फुसं सुजलीत. घरात ओल, बुरशी आहे? ती गेल्याशिवाय नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. उशीर झाला तर फुफ्फुसांवरचे व्रण कायमचे."

माझं शिलाई मशीन आतल्या खोलीत, कपाटाला लागून. दिवसभर मी तिथंच. नवऱ्यानं कपाट सरकवलं, तर मागची भिंत कमरेपर्यंत काळी. सासूबाई फडकं घेऊन आल्या. "फिनेलनं पुसते, त्यात काय लई!" यांनी त्यांचा हात धरला. कोरडं घासलं तर बुरशीचे कण घरभर उडतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मला त्याच दिवशी रेणापूरला धाडलं. पुढचं सगळं यांनी फोनवर सांगितलं. बुरशी काढणाऱ्यांनी आधी भिंतीची ओल यंत्रानं मोजली. पलीकडच्या न्हाणीतला पाइप आतून गळत होता, तो बदलला. मग दार प्लास्टिकनं बंद करून हवा गाळून बाहेर फेकणारा पंखा लावला. भिंत ओलसर करून गिलावा विटेपर्यंत खरवडला, पिशव्यांत बांधून बाहेर नेला. कपाट अन् गादीही गेली. नवा गिलावा मात्र लगेच नाही. यंत्रावरचा आकडा उतरेपर्यंत भिंत उघडीच.

इकडं मी रोज सकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावून रक्तातला ऑक्सिजन बघायची. एक्क्याण्णव. पुन्हा एक्क्याण्णव. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. भिंत साफ होऊनही खोकला राहिला तर? मग सासूबाईंचंच खरं ठरणार. दुसऱ्या आठवड्यात चौऱ्याण्णव दिसलं, तरी मला खरं वाटेना.

महिन्यानं, भिंत कोरडी झाल्यावर परतले. तीन दिवस प्रत्येक श्वास मोजून घेतला. खोकला आला नाही. चौथ्या दिवशी सासूबाई जवळ येऊन बसल्या.

"चौदा पिशव्या निघाल्या, गं. म्या दारात उभी राहून मोजल्या. तेवढ्या घाणीत तू बसून राहिलीस, अन् म्या तुलाच बोलत राहिले."

त्यांनी माझा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही.

थोडे व्रण राहिलेत, जिना चढताना धाप लागते. तरी तो एक प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हालाही खोकला सुटत नसेल, तर दिवसभर कुठं बसता तेही डॉक्टरांना सांगा.