साहेबांच्या विरुद्ध उभा राहिलो तेव्हा

एकोणीसशे पन्नासच्या दशकाचा उत्तरार्ध असेल. पिंपरीच्या माळावर नव्यानेच उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात मी स्टोअर्सचा कारकून होतो आणि चिंचवड गावात खोली घेऊन राहत होतो. नोकरी करणाऱ्या पदवीधरांसाठी पुण्यातल्या एका कॉलेजात व्यापार-व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा वर्ग निघाला. वेळ सकाळी सात ते नऊ. अकराच्या आत परत येऊन टेबलाला लागायचं, म्हणजे साहेबांची परवानगी हवी.

आमचे साहेब पंचेचाळिशीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी अर्ज वाचला, सही केली आणि खाली बघतच विचारलं, "फॉर्म कुठे मिळतो?"

वर्ग सुरू झाला त्या सोमवारी पहाटे पिंपरी स्टेशनात ते माझ्याच डब्यात चढले.

ते दिवस आठवले की सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. दसरा होऊन गेला होता. पवना नदीवरून धुकं उठून रुळांपर्यंत यायचं आणि गाडी त्यातून इतकी हळू जायची की आपण बसून आहोत आणि बाभळीच चालल्या आहेत असं वाटायचं. साहेब समोरच्या बाकावर डोळे मिटून बसायचे. कारखान्यात ज्यांच्या पावलांच्या आवाजाने आम्ही फायली उघडायचो, तेच साहेब मांडीवर वही घेऊन विद्यार्थी झालेले. मी बघत राहायचो. कधी कधी मला ते दोन वेगळे गृहस्थ वाटायचे.

प्राचार्यांकडे वर्गाचं म्हणणं मांडायला एक प्रतिनिधी निवडायचा ठरलं. माझ्या शेजारी चाकणकडचा एक शेतकऱ्याचा मुलगा बसायचा, पुण्यात खोली करून राहिलेला. तो म्हणाला, "तूच हुबा ऱ्हा. आमी हाय की मागं." मी हो-नाही म्हणायच्या आत त्याने माझं नाव देऊनही टाकलं. दुसऱ्या दिवशी फळ्याशेजारी यादी लागली. तीत दोनच नावं होती. एक माझं, दुसरं साहेबांचं.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "साहेब, मी नाव मागे घेतो."

"का?"

"तुमच्याविरुद्ध कसा उभा राहू?"

"मागे घेऊ नका," ते म्हणाले. "ऑफिसात तुम्हाला माझं ऐकावं लागतं. इथे नाही." मग वही उघडत त्यांनी विचारलं, "भाषण करायचं असतं ना? मला जमत नाही. जरा ऐकाल का?"

पुढचे चार दिवस माझ्या प्रतिस्पर्ध्याचं भाषण मी पाठ करून घेतलं. त्यांनी ते कारखान्यातल्या परिपत्रकासारखं लिहिलं होतं. 'सर्व संबंधितांस' अशी सुरुवात. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला नेमकं काय हवंय तेवढंच सांगा." ते म्हणाले, "वाचनालय सकाळी साडेसहाला उघडावं. आपण लवकर पोचतो आणि ओट्यावर बसून राहतो." मी म्हटलं, "मग हेच सांगा."

शनिवारी आधी मी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, टाळ्या आठवतात. मग साहेब उठले. दोन वाक्यं नीट गेली आणि तिसऱ्याला ते थांबले. खडूची धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होती. मागे कुणीतरी हसलं. मला न राहवून मी बाकावरून म्हणालो, "वाचनालय सकाळी..."

"साडेसहाला उघडावं," ते पटकन म्हणाले. आता सगळा वर्ग हसला, आणि साहेबही हसले. पुढचं भाषण त्यांनी कागद खिशात ठेवून केलं.

चिठ्ठ्या मोजल्या. मी बऱ्याच मतांनी निवडून आलो. माझी स्वतःची चिठ्ठी मी साहेबांच्या नावाची टाकली होती. ते मी चाकणच्या मित्रालाही सांगितलं नाही.

त्या दिवशी गाडीत साहेब बोलायला लागले आणि थांबेनात. वडील वारले म्हणून एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागलो, म्हणाले. पदवी घेतली ती बाहेरून परीक्षा देऊन, देवघरातल्या पाटावर अभ्यास करून. "वर्ग कसा असतो ते मला माहीतच नव्हतं. हात वर करायचा, कुणी आपलं नाव पुकारायचं, हरायचं. एकदा सगळं करून बघायचं होतं."

ऐकता ऐकता पिंपरी कधी गेलं ते दोघांनाही कळलं नाही. चिंचवडला उतरलो आणि रुळांच्या कडेच्या पायवाटेने पिंपरीकडे परत चालू लागलो. दोन्ही बाजूंना ज्वारी नुकती वीतभर वर आली होती. धुकं विरून गेलं होतं आणि वाटेवरच्या गवतातल्या दवाने आमच्या धोतर-पँटी गुडघ्यापर्यंत भिजल्या. घाई कुणालाच नव्हती. साहेब मध्येच थांबून एखादं पातं तोडायचे, चावायचे आणि पुन्हा चालायला लागायचे. मला वाटलं, हा रस्ता संपूच नये.

संपला अर्थात. कारखान्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा सव्वाअकरा होऊन गेले होते. साहेबांनी हजेरीचं पुस्तक मागवलं, माझ्या नावापुढे लाल शाईने 'उशिरा' लिहिलं, मग पान उलटून स्वतःच्या नावापुढेही तेच लिहिलं.

"प्राचार्यांना कधी भेटताय?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी, साहेब. वाचनालयाचं सांगतो."

"बरं," ते म्हणाले आणि टेबलावरची पहिली फाईल ओढली.