बाईंचा न बोलायचा तास

कुकरमध्ये पाणी घालायचं असतं हे घड्याळजींना माहीत नव्हतं असं नाही. त्या दिवशी ते आठवलं नाही, इतकंच. बटाटे आत, झाकण वर, आच मोठी, आणि घड्याळजी खिडकीशी उभे राहून शिट्टीची वाट बघतायत. शिट्टी आलीच नाही, धूर आला.

त्यांच्या पत्नी समोरच स्टुलावर बसल्या होत्या. या पत्नींना सगळं गाव ‘बाई’ म्हणायचं, म्हणून घड्याळजीही मनातल्या मनात बाईच म्हणत. केस काळे होते तेव्हापासून बाई शाळेत विज्ञान शिकवत होत्या आणि त्यांचा आवाज दोन भिंती ओलांडून तिसऱ्या वर्गालाही शिकवून यायचा. शेजारच्या वर्गातली पोरं आपल्या सरांचा भूगोल ऐकता ऐकता बाईंचं विज्ञानही फुकटात पाठ करून जात. अशा बाई आता घर डोक्यावर घेणार, म्हणून घड्याळजी मान खाली घालून तयार राहिले.

बाई उठल्या. गॅस बंद केला. मऊ आवाजात म्हणाल्या, “काय झालं असेल? तुमचा काय अंदाज?”

घड्याळजींनी आधी बाईंच्या कपाळाला हात लावून पाहिला. एवढ्या संसारात बाईंनी प्रश्न विचारून उत्तर आपल्याच तोंडात अडवून धरलं, असं कधी झालं नव्हतं.

“अगं, बरं वाटतंय ना तुला?”

“सराव करतेय,” बाई म्हणाल्या.

झालं होतं असं, की शाळेनं कात टाकायचं ठरवलं होतं. बाकांच्या रांगा गेल्या, गोल टेबलं आली. नव्या मुख्याध्यापिकांचं म्हणणं, उद्याच्या शाळेत मुलं विचारतील, करून बघतील, चुकतील. शिक्षकांनी शेजारी बसावं आणि उत्तराची घाई करू नये. बाईंना हे मनापासून पटलं होतं. पटलेलं तोंडापर्यंत पोचत नव्हतं, एवढीच काय ती अडचण. मुलाचा प्रश्न अर्ध्यावर असतानाच त्यांचं उत्तर संपलेलं असायचं.

शेवटी मुख्याध्यापिकांनी स्पष्टच सांगितलं, “शनिवारी पालक बघायला येणार आहेत. सहावीचा तास तुम्ही घ्या. त्यात उत्तर सांगून टाकलंत, तर पुढच्या वर्षी वर्ग नाही. वाचनालय सांभाळायचं.”

“म्हणजे बोलल्याची शिक्षा काय, तर कायमचं गप्प!” घरी हे ऐकून घड्याळजी हसले. बाई हसल्या नाहीत. वर्ग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सुट्टीत पोरं भेटली नाहीत तर त्या भाजीवाल्याला ग्रहण समजावून येत.

शनिवारी घड्याळजींनी दुकान बंद ठेवलं आणि वर्गात मागे जाऊन बसले. खुर्ची पोरांच्या मापाची, त्यामुळे गुडघे हनुवटीला टेकलेले. मुलांचं काम सोपं दिसत होतं. दोन टेबलांच्या मधे वर्तमानपत्राच्या एका कागदाचा पूल करायचा आणि त्यावर पाण्याची बाटली उभी करायची. मुलांनी कागद सपाट ठेवला. बाटली धप्प! चारपदरी केला. पुन्हा धप्प! बाईंचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मुठीत मात्र एक खडू होता, त्याचं काही खरं नव्हतं.

घड्याळजींचा धंदाच असा, की डोळ्याला भिंग लावलं की दोष दिसतो, आणि दिसला की राहवत नाही. तिसऱ्या ‘धप्प’ला ते ओरडले, “अरे, चुण्या पाडा कागदाला! पंख्यासारख्या!”

मुख्याध्यापिकांनी चष्मा वर सरकवला. उत्तर बाईंच्याच घरातून फुटलं होतं, म्हणजे आता ते बाईंच्याच नावावर जाणार. बाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की भिंगाखालच्या चाकाला काय वाटत असेल ते घड्याळजींना त्या क्षणी कळलं.

मग बाई मुलांकडे वळल्या. “हे झालं पाहुण्यांचं मत. तुम्हाला पटतंय?”

“बघू या की,” दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली. तिनं चुण्या पाडल्या, कागद ठेवला, बाटली ठेवली. धप्प! बाटली गडगडत थेट घड्याळजींच्या पायाशी.

“काका, तुमचं चुकलं!” वर्ग खदखदला. काकांचे कान लाल.

बाईंच्या मुठीतून खडूचा भुगा गळत होता. त्यांना उत्तर ठाऊक आहे हे भिंतीलासुद्धा दिसत होतं. त्यांनी तोंड उघडलं. घड्याळजींनी डोळे मिटून घेतले.

“आता?” एवढंच बाई म्हणाल्या.

वेण्यांवालीनं कागद उचलला, डोळ्यासमोर धरला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला आणि फिरवून ठेवला. मघाशी आडव्या गेलेल्या चुण्या आता या टेबलापासून त्या टेबलापर्यंत सरळ गेल्या. बाटली उभी राहिली! मुलांनी असा काही गलका केला, की तिसऱ्या वर्गातले सर धावत आले. इतकी वर्षं बाईंचा आवाज तिकडे जायचा, आज पोरांचा गेला.

दारात मुख्याध्यापिका म्हणाल्या, “बाई, सहावी तुमचीच. वाचनालयात मात्र तुमच्या यजमानांना बसवावं म्हणते.”

संध्याकाळी यजमानांनी निमूटपणे पुन्हा कुकर लावला. पाणी घातलं, बोट बुडवून पाहिलं, रबर बसवलं, झाकण फिरवलं आणि शेगडीपाशी हात बांधून उभे राहिले. थोडा वेळ गेला. राहवेना.

“अगं, आता तरी बरोबर आहे ना?”

बाईंनी स्टुलावर बसल्या बसल्या पाय लांब केले.

“शिट्टीला विचारा.”