नापास संख्या पुन्हा तपासणारा माणूस

“जुळलं,” म्हणून ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि आतल्या दाराकडे बघायचे. आतून वहिनी विचारायच्या, “म्हणजे पुन्हा नाहीच ना? मग एवढी खुशी कशाची?”

झाशीत छावनीलगत त्यांचं आणि माझं घर शेजारी शेजारी. ते कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, मी बँकेतून. त्यांच्या बैठकीत एक कॉम्प्युटर अहोरात्र घरघरत असे. काय करायचा? तर एकच संख्या तपासायचा. दोनला दोननं कोट्यवधी वेळा गुणायचं आणि शेवटी एक वजा करायचा, एवढी मोठी. ती मूळ संख्या आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानं भाग जातो का, ते बघायचं. एकेका आकड्यानं भागत बसलं तर जन्म पुरायचा नाही, म्हणून रीत वेगळी. चारपासून सुरू करून वर्ग करायचा, दोन वजा करायचे, त्या मोठ्या संख्येनं भागायचं, उरेल त्या बाकीचा पुन्हा वर्ग. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. नाहीतर भाग जातो एवढंच कळतं, कशानं जातो ते कळतच नाही.

आणि हे गृहस्थ नवी संख्या घ्यायचेच नाहीत! जगात कुणीतरी आधी ‘मूळ नाही’ म्हणून नापास केलेली घ्यायचे आणि महिना महिना तीच तपासायचे. दोघांच्या बाक्या सारख्या आल्या की “जुळलं.” “अहो भैया, मशीन चुकतं,” ते मला समजवायचे. “तापलं की चुकतं. एकाच्या ‘नाही’वर भरवसा ठेवायचा नसतो.” म्हणून जूनच्या उन्हात घरातला एकुलता एक कूलर कॉम्प्युटरपुढे. वहिनी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन म्हणायच्या, “मीपण तापते म्हटलं!” आणि स्वतःच हसायच्या.

मग वहिनींच्या पोटात गाठ निघाली. इथले डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. “हे एकाचंच उत्तर आहे,” म्हणाले आणि वहिनींना ग्वाल्हेरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. खरं सांगतो, मलाही ते पटलं. देवा, इथल्या डॉक्टरांचं मशीन तापलेलं असू दे, असं मी चक्क हात जोडून म्हणालो.

ग्वाल्हेरहून परतले त्या संध्याकाळी मी फाटकापाशी उभा होतो. वहिनींना आत निजवून ते बाहेर आले. “जुळलं,” म्हणाले. दोघंही तसेच उभे राहिलो. लाइट गेली, परत आली.

वहिनी दिवाळीआधी गेल्या. तेरा दिवस झाल्यावर मी भेटायला गेलो, तर बैठकीत आवाज नाही.

“बिघडला का हो?”

“नाही. बंद केला.” मग म्हणाले, “शून्य आलं तर सांगायचं कुणाला?”

मी चहा प्यायलो, घरी आलो, जेवलो. कसलंच काही वाटेना. रडूही आलं नाही.

पुढे नागपूरच्या मुलीनं त्यांना बोलावून घेतलं. दिवसाची गाडी होती. सामान वर ठेवायला मी डब्यात चढलो. दोघांची सीट होती. ते खिडकीची जागा सोडून अलीकडे बसले.

पिशव्या सांभाळत एक बाई आल्या. “भाईसाहब, यहाँ कोई बैठा है क्या?”

“हाँ,” ते म्हणाले.

बाई पुढे सरकल्या. मी सामान वर ठेवलं आणि खाली उतरलो.